नमुना क्रमांक सतरा

मागच्या वर्षी चर्चच्या सणाच्या लकी ड्रॉमध्ये ॲल्रॉय तुस्कानोला आयुष्यातलं पहिलं बक्षीस लागलं, आणि ते त्यानेच विकत घेतलेलं होतं.

बारा जातींच्या खडकांचे तुकडे, एक भिंग आणि माहितीपुस्तिका असलेली ती पेटी त्याने सहा महिन्यांपूर्वी भाचीला, म्हणजे एलिसाला, वाढदिवसाला दिली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला 'प्रिय एलिसाला, मामाकडून' हे त्याच्याच अक्षरात होतं. फादरांनी मोठ्या कौतुकाने पेटी त्याच्या हातात दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गर्दीत उभी असलेली त्याची मोठी बहीण मर्सी एकाएकी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली. ती बराच वेळ वर आलीच नाही.

ॲल्रॉय एलिसाचा नुसता मामा असता तर त्याने ही गोष्ट पचवली असती. पण तो तिचा धर्मपिताही होता. बाप्तिस्म्याच्या वेळी, सतरा वर्षांचा असताना, त्याने तिच्या वतीने सैतानाला नकार दिला होता. ज्याने कोणासाठी सैतानाशी संबंध तोडले आहेत, त्याला त्या व्यक्तीच्या आवडीची भेटवस्तू निवडता येऊ नये, हे त्याला फार लागलं. त्याआधीच्या वर्षी त्याने दिलेला सूक्ष्मदर्शक मर्सीच्या घरी दार अडवायला ठेवला होता. वजनाला चांगला होता.

म्हणून या वर्षी डिसेंबरात एलिसाची पहिली कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा विधी, ठरली तेव्हा मर्सीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "हे बघ, तिला या वेळी जे पाहिजे तेच आण. शिकवायला जाऊ नकोस. शाळा आहे त्याला."

"काय पाहिजे तिला?"

"तीच बोलेल. घे गं."

"मामा, मला ठोकळे पाहिजेत. एकमेकांत बसतात ते," एलिसा म्हणाली. "खूप."

"खूप म्हणजे किती?"

फोनच्या त्या बाजूला थोडा विचार झाला. "खूप म्हणजे पुरतील एवढे."

ॲल्रॉय वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, औषधी गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम करत होता. रसायनशास्त्रातली पदवी घेतलेल्या माणसाला 'पुरतील एवढे' हे उत्तर म्हणजे उत्तर वाटतच नाही. तरी त्याने ते वहीत लिहून ठेवलं आणि कॉम्प्युटर उघडला. कम्युनियनला पाच आठवडे होते. ठोकळ्यांचा एक डबा मागवायला पाच मिनिटं पुरेशी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी तो तुलना करून मागवलेला नाही.

पहिल्या दिवशी त्याने साधा भागाकार केला: किंमत भागिले नग. एका नामांकित परदेशी कंपनीचा ठोकळा दहा रुपयांना पडत होता. एका देशी कंपनीचा तीन रुपयांना. आणि तीन हजार नगांचा एक संच असा होता की त्यात ठोकळा पडत होता पन्नास पैशांना. ॲल्रॉयचं बोट 'विकत घ्या'वर गेलंही होतं. तेवढ्यात खाली एका ग्राहकाने लिहिलेलं त्याने वाचलं: 'सगळे नग मसुराच्या डाळीएवढे आहेत. चित्र बनवायचं आहे. आम्ही अजून डाव्या कोपऱ्यात आहोत.'

त्याने बोट मागे घेतलं. नगावर जाण्यात अर्थ नव्हता. नग म्हणजे काय ते विकणारा ठरवतो.

"वजनावर घे ना," त्याची आई सालोमी म्हणाली. ती समोर केळी सोलत बसली होती. केळी वाळवून सुकेळी करायला तिच्याएवढा हात गावात कोणाचा नाही, आणि माल ओळखण्याच्या बाबतीत तिला कोणी शिकवायला जात नाही.

हे ॲल्रॉयला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने किंमत भागिले ग्रॅम असा तक्ता केला. त्यात दोन वर्षांच्या मुलांसाठीचे, विटेएवढे चाळीस ठोकळे पहिले आले.

"आणि वजनात डबा धरलाय का त्यांनी?" आईने विचारलं. "घडाबरोबर दांडा पण तोलतात, बाबा. दांडा कोण खातं?"

संकेतस्थळावर डब्याचं वजन कुठेच दिलेलं नव्हतं. ग्राहकांना प्रश्न विचारायची सोय होती, म्हणून ॲल्रॉयने विचारलं: 'डबा आणि पुस्तिका वगळून ठोकळ्यांचं निव्वळ वजन किती?' तीन दिवसांत दोन उत्तरं आली. एकाने लिहिलं, 'होय.' दुसऱ्याने लिहिलं, 'मला माहीत नाही, पुतण्याला दिला.' ज्याला माहीत नाही त्याने उत्तर द्यायला वेळ का काढावा, यावर ॲल्रॉयने थोडा विचार केला आणि सोडून दिला.

"डबा चांगला आहे का पण?" आईने मध्येच विचारलं. "झाकण घट्ट असेल तर सुकेळी ठेवायला होईल."

शेजारचे गॉडफ्रे अंकल बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना बातमी कुंपणावरूनच कळली. ते चहाला आले आणि दोन्ही तक्ते शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "पकड लिहिली नाहीस."

"कसली पकड?"

"ठोकळ्याची. माझ्या नातवाला स्वस्तातला आणलेला. रात्री टॉवर बांधला, सकाळी पंखा लावला, टॉवर खाली. पोरगा म्हणतो, ग्रँडपा, तुम्ही पाडला. मी आजपर्यंत त्या घरात आरोपी आहे." त्यांनी चहा संपवला. "आणि फार घट्ट असेल तर निघत नाही. दातानं काढतात. मग डेंटिस्ट. डेंटिस्टचं बिल तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात?"

ॲल्रॉयने नवा रकाना आखला. आता हे नुसतं वाचून कळण्यासारखं नव्हतं. स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानातून त्याने तीन वेगवेगळ्या कंपन्यांची चौदा-चौदा ठोकळ्यांची छोटी पाकिटं आणली. एका पाकिटात तेराच निघाले. असे एकेचाळीस ठोकळे झाले. त्यांच्यावर पक्क्या शाईने एक ते एकेचाळीस क्रमांक घालून तो दुसऱ्या दिवशी ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून प्रयोगशाळेत घेऊन गेला. इथे त्याने एक लहानशी चूक केली. पण ती त्या क्षणी शास्त्राच्या पोशाखात आली होती, त्यामुळे त्याला ओळखू आली नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने पहिला ठोकळा तराजूवर ठेवला. ग्रॅमच्या पुढे चार आकडे दाखवणारा तराजू. सातव्या ठोकळ्याला मागून आवाज आला, "सरासरी किती येतेय?"

विभागप्रमुख नरहरी सर. माणूस असा की शाईचा रंग चुकला तरी पान रद्द करतील. ॲल्रॉय घाबरून उभा राहिला आणि सगळं सांगून बसला. सरांनी आठवा ठोकळा उचलून उजेडात धरला.

"पकड कशी मोजणार?"

"स्प्रिंगचा काटा लावून ओढणार होतो, सर."

"आणि झीज? पुन्हा पुन्हा काढला-घातला की सैल होणार." सरांनी खोलीभर नजर फिरवली. गोळ्या प्रवासात किती झिजतील ते बघायला प्रयोगशाळेत एक फिरता ड्रम असतो. सरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "शंभर फेरे द्या."

शंभर फेरे झाले. आवाज असा झाला की शेजारच्या विभागातून दोन माणसं बघायला आली.

"आणि गिळला तर?" सर म्हणाले.

"ती आठ वर्षांची आहे, सर."

"आठ वर्षांची मुलं काय गिळत नाहीत? आमच्या मुलानं, उमंगनं, कॅरमची सोंगटी गिळली होती. राणी. तीन दिवस घरात डाव बंद." त्यांचा चेहरा त्या आठवणीने गंभीर झाला. "पोटातल्याएवढं आम्ल, शरीराएवढं तापमान, दोन तास. एक तरी करून बघाच."

म्हणून सतरा क्रमांकाच्या लाल ठोकळ्याने दोन तास आम्लात डुबकी मारली. बाहेर आला तो जसाच्या तसा. अंकसुद्धा पुसला नव्हता. त्या दुपारी नरहरी सर आणि ॲल्रॉय यांनी शेजारी बसून जो आलेख काढला, तसा नीटस आलेख त्या प्रयोगशाळेत वर्षभरात झाला नसेल. वजन, पकड, झीज आणि किंमत मिळून जो आकडा आला, त्यात तिघांपैकी एका फारसं नाव नसलेल्या कंपनीचा हजार नगांचा 'मिश्र संच' स्पष्टपणे पहिला होता. ॲल्रॉयने तिथेच फोनवरून तो मागवला. बऱ्याच दिवसांनी त्याला जग समजण्याजोगं वाटलं.

संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडली. "ये क्या है?"

"ठोकळे. माझेच आहेत. सकाळी आणले होते."

"इनवर्ड किया था?"

"नाही."

पहारेकऱ्याने रजिस्टर उलटून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, जी वस्तू आत आलीच नाही ती बाहेर कशी जाणार? या वाक्यात कुठे चूक आहे ते ॲल्रॉय अजून शोधतो आहे.

पिशवी रात्रभर फाटकावरच राहिली, आणि सकाळी ती घेऊन तो नरहरी सरांकडे गेला. पण कालचे सर वेगळे होते आणि आजचे वेगळे.

"तराजूवरची प्रत्येक नोंद आपोआप साठते. पुसता येत नाही," सर म्हणाले. "म्हणजे एकेचाळीस वजनं झाली आहेत. वजन झालं म्हणजे तो नमुना. तपासलेला नमुना आपण किती ठेवतो?"

"मुदत संपल्यावर एक वर्ष, सर."

"यांची मुदत?"

प्लास्टिकच्या ठोकळ्याला मुदत नसते. सरांनी एकेचाळीस ठोकळे पारदर्शक पिशवीत भरले, लाल पट्टी लावली, सही केली आणि नमुन्यांच्या कपाटात सर्दीच्या गोळ्यांशेजारी ठेवून कुलूप लावलं. हिशेबाने ते तिथे पृथ्वी असेपर्यंत राहणार होते.

संच यायला तीन आठवडे लागले. पार्सलवाला नालासोपाऱ्याहून निघाला आणि ॲल्रॉयच्या गावात येऊन हरवला. गावातल्या घरांना क्रमांक नाहीत. पत्ता 'चर्चच्या मागे, बावखलाजवळ' एवढाच. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं, आणि ते दोन वर्षांपूर्वी बुजवलेलं.

"सर, मॅप पे आपका घर तालाब के अंदर दिखा रहा है," तो फोनवर म्हणाला. "और तालाब है नहीं."

"तुम्ही कुठे उभे आहात?"

"वहीं. जहाँ तालाब नहीं है."

शेवटी कपडे वाळत घालणाऱ्या सालोमीने दोरीवरून त्याला पाहिलं आणि हाक मारली. दुसऱ्या दिवशी कम्युनियन होती.

ॲल्रॉयने खोका उघडला, चादर पसरली आणि ओतला. पहिल्यांदा त्याला वाटलं, वरवर दारं आली आहेत, खाली ठोकळे असतील. मग त्याने हात घालून ढवळलं. मग तो मोजायला बसला. आईही बसली. दोन तासांनी आकडे असे आले: दारं दोनशे चौसष्ट. खिडक्या दोनशे एकतीस. उतरत्या छपराचे तुकडे तीनशे अठरा. चाकं, कुंपणं आणि कशाचे आहेत ते शेवटपर्यंत न कळलेले, एकशे एकोणतीस. साधे, चौकोनी, ज्यांना माणसं ठोकळे म्हणतात असे, एकसष्ट.

"किती झाले सगळे?" आईने विचारलं.

"एक हजार तीन."

"मग तीन जास्त दिलेत की रे!"

हेच तर दुखणं होतं. 'परत करण्याचं कारण' या सदरात तीन पर्याय होते: माल फुटका, माल कमी, माल चुकीचा. माल फुटका नव्हता. कमी नव्हता, उलट तीन जास्त होता. आणि 'मिश्र' म्हटल्यावर चुकीचाही नव्हता. दुकानातल्या चौदाच्या पाकिटात सगळे साधे ठोकळे निघाले, म्हणून हजारांतही तेच असतील असं त्याने धरलं. कारखान्यात कोणी एका कोपऱ्यातून चिमूटभर पावडर काढून सगळ्या पिंपाचा निकाल लिहिला असता, तर ॲल्रॉयने तो कागद परत पाठवला असता. गेल्याच महिन्यात एक पाठवला होता, वर लांबलचक शेरा मारून.

तो चादरीवर बसून राहिला. भागाकारात वर काय लिहायचं ते सगळ्यांना माहीत असतं, कारण किंमत छापलेलीच असते. खाली काय लिहायचं हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवायचं, आणि त्याने पाच आठवडे ते नगाला, ग्रॅमला, पकडीला, आईला आणि गॉडफ्रे अंकलना विचारलं होतं. एलिसाला एकदाच विचारलं, आणि तिचं उत्तर त्याला उत्तर वाटलं नव्हतं.

दुसरी भेट आणायला आता वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एव्हरशाईन सिटीत, मर्सीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, पांढऱ्या झग्यातली एलिसा भेटी उघडत होती. ॲल्रॉयचा खोका आला तेव्हा तो मुद्दाम सरबताच्या टेबलाकडे गेला. तरी आवाज पोचलाच.

"अरे!" गॉडफ्रे अंकल वाकून म्हणाले. "सगळी दारंच?"

मर्सीने भावाकडे पाहिलं. त्या नजरेत रागापेक्षा काळजी जास्त होती, आणि ती जास्त वाईट. एलिसाने मूठभर दारं बाहेर काढली, एक उघडून बंद करून पाहिलं, आणि खोका उचलून ती हॉलच्या कोपऱ्यात गेली. ॲल्रॉयला लकी ड्रॉचा मंच डोळ्यांसमोर दिसू लागला. सण दोन महिन्यांवर होता.

अर्ध्या तासाने कोणीतरी त्याची बाही ओढली.

"मामा, भिंती कमी आहेत."

"हो गं. माहीत आहे."

"अजून नाहीत?"

"एकेचाळीस आहेत. पण त्या माझ्या ऑफिसात आहेत. कपाटात. कुलूप आहे."

"का?"

"त्यांची नोंद झालीय."

"मग सोडवून आण ना," एलिसा म्हणाली आणि परत कोपऱ्यात गेली.

सोमवारी ॲल्रॉय नरहरी सरांसमोर उभा राहिला. दोनशे चौसष्ट दारांपासून सुरुवात करून त्याने सगळं सांगितलं. खडकांच्या पेटीचंही सांगितलं, जे त्याने ऑफिसात आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सर चष्मा पुसत ऐकत होते.

"नमुना बाहेर देता येत नाही," ते म्हणाले.

"हो, सर."

"परत करता येत नाही. भेट देता येत नाही."

"हो, सर."

सरांनी खण उघडून एक छापील फॉर्म काढला. "नष्ट मात्र करता येतो."

फॉर्मवर त्यांनी निळ्या शाईने, एकही खाडाखोड न करता लिहिलं. नमुने: एकेचाळीस. कारण: पुढील उपयोग नाही. नष्ट करण्याची पद्धत, या ओळीवर ते थोडे थांबले. मग लिहिलं: 'आठ वर्षांच्या मुलीच्या ताब्यात देणे.'

"याहून खात्रीची पद्धत माझ्या अनुभवात नाही," ते म्हणाले. "इथे साक्षीदार म्हणून सही करा. आणि नष्ट झाल्याचा पुरावा पुढच्या सोमवारी."

फाटकावर पहारेकऱ्याने फॉर्म दोनदा वाचला आणि ॲल्रॉयला सलाम केला.

सतरा नंबर तीनदा धुऊन, बाकीच्यांसकट, ॲल्रॉय रविवारी मर्सीकडे घेऊन गेला. मर्सीने दार उघडलं. तिच्या हातात पिशवी होती.

"लकी ड्रॉसाठी द्यायचं बाजूला काढायला सांगितलं मी हिला," ती म्हणाली. ॲल्रॉयने पिशवीत डोकावून पाहिलं. दोन फोटोफ्रेम, एक भिंतीवरचं घड्याळ, सुगंधी साबणांचा संच. ठोकळे नव्हते. त्याने पुन्हा पाहिलं. खरंच नव्हते.

आतल्या खोलीत जमिनीवर एक लांबट, उंच, चारी बाजूंनी दारंच दारं असलेली गोष्ट उभी होती. छपराचे तुकडे एकावर एक रचून तिने जिने केले होते. वरचे तीन मजले भिंतींअभावी थांबले होते.

"हे काय आहे?"

"आमची बिल्डिंग," एलिसा म्हणाली. मामाला एवढंही दिसत नाही याचं तिला नवल वाटलं. "हे इशिताचं दार, हे नेहमी बंद असतं, तिच्याकडे कुत्रा आहे. हे उघडंच असतं, आजोबा बसतात. आधीच्या सेटमध्ये दोनच दारं होती, मामा. दोन दारांची बिल्डिंग कुठे असते?"

"म्हणून खूप पाहिजे होते?"

"पुरतील एवढे म्हटलं होतं मी."

त्याने पिशवी दिली. तिने एक ठोकळा काढला, त्यावरचा अंक पाहिला, दुसरा काढला, आणि तिचे डोळे मोठे झाले. "तू नंबर पण घातलेस?"

फ्लॅट नंबर. ॲल्रॉयने काही खुलासा केला नाही. दुपारभर दोघं एकेका दाराच्या डोक्यावर एकेक क्रमांक बसवत राहिले. पकड चांगली होती.

सोमवारी नरहरी सरांनी फोनवरचा फोटो मोठा करून, बोटाने एकेक मजला चढत, सगळे क्रमांक मोजले.

"चाळीस. सतरा नंबर दिसत नाही." त्यांनी वर पाहिलं. "गिळला?"

"नाही, सर." ॲल्रॉयने खिशातून लाल ठोकळा काढून टेबलावर ठेवला. "तो माझा आहे. एलिसानं मला त्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट दिलाय. म्हणाली, नंबर तुझ्याकडेच ठेव, म्हणजे विसरणार नाहीस."

सरांनी ठोकळा हातात घेतला. आम्लातून आलेला, शंभर फेरे खाल्लेला, अंक शाबूत.

"एव्हरशाईनमध्ये," ते म्हणाले. "कितीला पडला?"

ॲल्रॉयने सवयीने तोंड उघडलं. वर लिहायचा आकडा तयार होता. खाली काय लिहावं ते काही केल्या सुचेना.

सरांनी फॉर्मवर 'नष्ट' असा शिक्का मारला आणि ठोकळा त्याच्याकडे सरकवला.

"खिशात ठेवा," ते म्हणाले. "आणि फाटकावर दाखवू नका."